एकशे वीस तास

हेडफोन आधी कानाला न लावता नुसतेच वाजवायचे असतात, हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. तोवर मी हेडफोन कधी विकत घेतले नव्हते, आणि हेही घेतलेले नव्हते. पुण्याहून मंजुषाने पाठवले होते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून खोकं घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून बसलो. रिक्षावाल्याने आत काय आहे विचारलं तेव्हा, का कोण जाणे, मी "औषधं" असं सांगितलं. हेडफोन म्हटलं असतं तर त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं असतं असं वाटलं.

मंजुषा कोण, ते आधी सांगायला हवं. मी कळवणच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. एक्क्याण्णव साली निवृत्त झालो आणि नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला, मोठ्या भावाच्या मळ्यात राहायला आलो. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे सामान म्हणजे पुस्तकंच होती. सहादूभाऊने ओट्याला लागून असलेली खोली मला दिली. भाऊ पुढे वारला. आता वहिनी आणि पुतण्या मळा बघतात. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. मी कुणाच्या मध्ये येत नाही, आणि तेही येत नाहीत.

त्याच वर्षी शहरातल्या एका संस्थेने पेपरात चौकट दिली होती. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर उतरवणारी माणसं हवी होती. मला चार लोकांत बोलता येत नाही. ग्रंथालयात मुलांना 'शांत बसा' म्हणतानासुद्धा माझा आवाज निघत नसे. मुलं शांत बसत ती माझी कीव येऊन. पण इथे समोर कोणी नसणार होतं. खोली, पुस्तक आणि टेपरेकॉर्डर. मी नाव दिलं आणि पुढे चौदा वर्षं वाचत राहिलो. इतिहास, अर्थशास्त्र, बीएडची पुस्तकं. आणि अंध मुलींच्या वसतिगृहातून मागणी आली म्हणून कादंबऱ्या.

मंजुषा त्या वसतिगृहातली. नांदगावची. बीए झाल्यावर पुण्यात एका बँकेच्या मुख्य कार्यालयात तिला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. तेव्हापासून दर दिवाळीला ती पत्राऐवजी कॅसेट पाठवते. त्यावर बोललेलं असतं. मीही तसंच उत्तर पाठवतो. माझा असा पत्रव्यवहार दुसऱ्या कोणाशी नाही. २००५ च्या दिवाळीला मी तिला सहज सांगितलं होतं की रेडिओसोबत आलेल्या जुन्या इअरफोनचा स्पंज झडला आहे आणि रेडिओवरचं नीट लागत नाही. तक्रार म्हणून नव्हे. बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

आणि आता हे खोकं. आत मोठे काळे हेडफोन, कानांवर बसणाऱ्या मऊ गाद्या, करंगळीएवढी जाड पिन आणि ती आपल्या टेपला लागावी म्हणून वर बसवायची छोटी पिन. सोबत एक कॅसेट. आणि एक लिहिलेला कागद.

कॅसेट मी टेपच्या स्पीकरवर लगेच लावली.

"काका, हे ज्ञानेशने सिंगापूरहून आणवलेत. तो आमच्या इथे बाजूच्या टेबलावर बसतो, त्याला आवाजाचं वेड आहे. कसे वापरायचे ते त्याने कागदावर लिहून दिलंय, तसंच करा. काका, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं ऐकवलंत. एक शब्द न गाळता वाचलंत. आता तुम्ही जरा चांगलं ऐका. आणि आपली पोस्टवाली आठवते का? मला अजून आठवते. पुण्यात पहिल्या वर्षी खोलीवर एकटी असायचे ना, तेव्हा म्हणायचे, ती नाही का राहिली? उंबरा न ओलांडता राहिली. मग मला काय धाड भरलीय?"

मी टेप बंद केला.

मी शब्द गाळले होते. शब्द कसले, पानं.

कादंबरीत दोन माणसं एकमेकांच्या जवळ आली की मला पुढे वाचवत नसे. ओट्यावर वहिनी आणि कामाच्या बाया फुलं निवडत बसलेल्या असायच्या, दार लोटलं तरी आवाज बाहेर जायचा. आणि ऐकणाऱ्या वसतिगृहातल्या मुली. ही दोन कारणं मी स्वतःला देत असे. तिसरं असं की ते शब्द मी कधी कोणाला म्हटलेले नव्हते, आणि जे कधी म्हटलं नाही ते मोठ्याने वाचताना माझ्या आवाजाचं काय होईल याचा मला भरवसा नव्हता. मग मी पॉझचं बटण दाबायचो, पान-दोन पानं उलटायचो आणि पुढून सुरू करायचो. डोळसाला पानाचा आकडा दिसतो. ज्यांना नुसतं ऐकू येतं त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं. हे आता लिहितानाही लाज वाटते.

पोस्टवालीची कादंबरी मी पंच्याण्णव साली वाचली. तालुक्याच्या पोस्टात तिकिटं विकणारी एक विधवा. गावात जमीन मोजायला आलेला एक सर्व्हेअर. तो रोज एक पाकीट विकत घेतो आणि कुणालाच पाठवत नाही. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी भर दुपारी ती छत्री उघडते आणि त्याच्या खोलीवर जाते. अडीच पानं. तेराव्या प्रकरणात सकाळ झालेली आहे, ती पोस्टात शिक्के पुसत बसली आहे. पुढे सर्व्हेअरची बदली होते आणि ती उरलेलं आयुष्य एकटी काढते.

मधली अडीच पानं काढली तरी गोष्ट जुळते. इतकी छान जुळते की त्या वेळी मला जरा हायसंच वाटलं होतं. फक्त बाई बदलते. पुस्तकातली बाई गेली होती आणि आपल्या मनाने परत आली होती. माझ्या कॅसेटवरची बाई कधी गेलीच नाही.

आणि मंजुषा पुण्यात त्या दुसरीला धरून राहिली होती.

तिला सांगायला हवं होतं. उत्तराची कॅसेट भरायची तर एकतर हे सांगायचं, नाहीतर 'एक शब्द न गाळता' हे निमूट घेऊन टाकायचं. मला दोन्ही जमेना. अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं. ज्ञानेशचा कागद पुन्हा वाचायला घेतला.

अक्षर सुरेख होतं. लिहिलं होतं, 'नव्या हेडफोनचा आतला पडदा ताठ असतो. तो सैल व्हायला किमान एकशे वीस तास लागतात. तोवर मध्यम आवाजात सतत काहीतरी वाजत ठेवावे. कानाला लावू नये. घाई केल्यास आवाज कायमचा कर्कश राहतो.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

त्या दोन रेघा बघून मला बरं वाटलं. एकशे वीस तास होईपर्यंत मी हेडफोन लावू शकत नव्हतो. हेडफोन लावल्याशिवाय ते कसे आहेत हे सांगता येत नव्हतं. आणि ते सांगितल्याशिवाय उत्तराची कॅसेट कशी पाठवणार?

वाजवायला माझ्याकडे गाणी नव्हती. होत्या त्या माझ्याच कॅसेट. संस्थेला दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मी ठेवून घेतलेली होती, बुटांच्या खोक्यांतून. मी पिन जोडली, हेडफोन टेबलावर उताणे ठेवले आणि भारताच्या आर्थिक इतिहासापासून सुरुवात केली. गाद्यांमधून बारीक कुजबुज येऊ लागली. जवळ गेल्यावर कळायचं की माणूस बोलतोय. काय बोलतोय ते नाही.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. लंकाबाई तिचं नाव. वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त, पण क्रेट अजून स्वतः उचलते.

"भावजी, हे काय मांडलंय? येकटंच बोलतंय."

मी समजावून सांगितलं. नवं आहे, आधी वाजवून वाजवून मऊ करायचं, मग वापरायचं.

"मंग तव्यावानी हाय," ती म्हणाली. "नवा तवा बी पयल्या दिशी भाकरीला लावीत नाय. कांदा घासा त्याला."

ओट्यावरच्या बाया हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. मळ्याकडे वीज सकाळी चार तास जायची, दुपारी पुन्हा तीन, आणि कधी कधी न सांगता. वीज असेल तेव्हा कॅसेट लावायची, पंचेचाळीस मिनिटांनी उलटायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात मी तास लिहू लागलो. अर्धे तास धरत नव्हतो. मधे वीज गेली की तो तास बाद. एकदा टेपचा पट्टा सैल झाला आहे असं वाटून मी आदल्या दिवसाचे पाचही तास खोडले. वाटलं होतं, खरं तर, फक्त मला.

वेदिका, पुतण्याची मुलगी, कॉलेजातून आली की डोकावायची.

"आजोबा, किती झाले?"

"अडतीस."

"काल चाळीस होते ना?"

"दोन नीट वाजले नाहीत."

ती टेबलाशी वाकून ऐकायची. "तुमचाच आवाज आहे. तुम्ही बोलताय आणि तुम्हीच ऐकत नाही आहात. भारी आहे."

एवढं बोलून ती जायची. मग मी आणि माझी कुजबुज. संबंध दुपार मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो आणि शेजारी टेबलावर मीच वाचत असायचो, दुसरंच काहीतरी. आमचं एकमेकांकडे लक्ष नव्हतं. असं कुणाबरोबर राहायचं असतं तर जमलं असतं, असं एकदा मनात आलं. नंतर तो विचार मला फारच केविलवाणा वाटला आणि मी उठून नळावर तोंड धुऊन आलो.

पाच आठवडे गेले. मंजुषाचा एकदा फोन आला. तो वहिनीने घेतला आणि "भावजी त्याला मऊ करत्यात अजून" असं सांगून ठेवला. मी नळाशीच उभा होतो. आत गेलो नाही.

शेवटी कितीही खोडले तरी एकशे वीस भरले. मार्च महिना होता, दुपारचे दोन वाजले होते आणि वीज होती. कारण उरलं नाही. मी हेडफोन कानांवर चढवले. टेपमध्ये योगायोगाने कुठली कॅसेट होती असं म्हणणार नाही. मीच शोधून लावली. पोस्टवालीची पाचवी.

पडदा सैल होऊन आवाज सुधारला की नाही, हे मला सांगता येणार नाही. आधीचा मी ऐकलाच नव्हता. पण असं काही मी कधीच ऐकलं नव्हतं. कुणीतरी माझ्या डोक्यात मधोमध खुर्ची टाकून बसलं होतं आणि वाचत होतं. त्याच्या बोटाखाली पान सरकलेलं ऐकू येत होतं. गिळलेली थुंकी ऐकू येत होती. मागे, पुष्कळ दूर, विहिरीवरची मोटार चालली होती. तिच्याही मागे वहिनी, अकरा वर्षांनी तरुण, कुणाला तरी म्हणत होती, "पाकळ्या गाळू नको गं, वजन जातं."

मग बारावं प्रकरण आलं. माझा आवाज पळू लागला. हे मला माहीत नव्हतं. त्या जागेच्या आधी चार ओळी मी घाईने वाचायचो, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की मी जसा चालतो तसं. मग श्वास थांबलेला. मग पॉझच्या बटणाची टक. आणि टकनंतर मी शांतपणे वाचत होतो, "सकाळी ती पोस्टात शिक्के पुसत बसली होती."

मोटार बंद झालेली होती. टकच्या आधी चालू, टकनंतर बंद. आधी कावळा ओरडत नव्हता, तो आता ओरडत होता. खोलीच वेगळी होती. मधे मी उठून पाणी प्यायलो असणार. कारण आवाजातला कोरडेपणाही गेला होता.

हे कुणालाही कळलं असतं. आणि ऐकणारे तर असे, ज्यांना जिन्यावरच्या पावलांवरून माणूस कळतो.

मी कॅसेट काढली आणि मंजुषाचं पत्र लावलं. पाच आठवड्यांपूर्वी ते मी स्पीकरवर ऐकलं होतं. आता हेडफोनमध्ये ती समोर बसून बोलत होती. तिच्या बांगडीचा टेबलाला लागलेला आवाज आला. "एक शब्द न गाळता वाचलंत." आणि त्याच्या पाठोपाठ, मागे कुठेतरी, नाकातून दाबलेलं एक हसू. पुरुषाचं. मग मंजुषाचा अगदी हळू "शूऽ".

मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. चारही वेळा तो हसला.

दोन दिवस मी हेडफोनकडे पाहिलं नाही. जेवायला जायचो, वहिनी वाढायची ते खायचो. मंजुषाला माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. चौदा वर्षं. कितीतरी मुली. मी ज्याला माझं एकमेव बरं काम समजत होतो त्यावर कुणीतरी नाकातून हसलं होतं. वाईट वाटायचं, आणि मग वाटायचं, वाईट वाटून घ्यायचा हक्क तरी आपल्याला आहे का? ती पोस्टवालीला धरून राहिली हेही थट्टेतच होतं की काय? तसं असतं तर बरंच झालं असतं. पण तो माणूस तिथे हसला नव्हता. ते वाक्य मी त्याच दिवशी मुद्दाम पुन्हा ऐकलं होतं. तिथे नुसती मंजुषा होती आणि तिचा आवाज थोडा खाली गेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुण्याला फोन लावला. ती ऑपरेटर, म्हणजे मधे दुसरं कोणी नाही की ज्याच्याशी दोन शब्द बोलून जरा तयारी करावी. घंटी वाजली आणि तीच.

"नमस्कार, मुख्य कार्यालय."

मला काही सुचेना.

"सावळीराम काका?"

"तुला कसं कळलं?"

"वाचायच्या आधी तुम्ही एवढंच थांबता. पुस्तकाचं नाव सांगायचं, मग एक, दोन, तीन, आणि मग पहिलं वाक्य. लावले का हेडफोन?"

"लावले. परवा एकशे वीस तास पुरे झाले."

"काय?" ती एवढ्या जोरात हसली की मी फोन कानापासून लांब धरला. "खरंच थांबलात? अहो, तो ज्ञानेश काहीही लिहितो. मी तर खोकं बंद करायच्या आधी दोन दिवस घरी लावून बसले होते. एक मिनिट हं. नमस्कार, मुख्य कार्यालय. कर्ज विभाग, जोडते. हं, बोला काका."

"मंजू, त्या कॅसेटवर कोणीतरी हसलंय."



"ऐकू आलं?"

"आता आलं. आधी नव्हतं आलं."

"अरे देवा. हेडफोन भलतेच चांगले निघाले." मग हळू आवाजात, "काका, राग आला? तो ज्ञानेशच. मी त्याला आदल्या दिवशी टकची गोष्ट सांगितली होती."

"टकची गोष्ट?"

"तुमची टक हो. आम्ही टकची वाट बघायचो. टक झाली की कॅसेट थांबवायची आणि मधलं दीपमालाने भरायचं. ती असलं भरायची ना, तुम्ही ऐकलं असतंत तर कान धरून उठला असतात. मेट्रनबाई दार बडवायच्या. तुमच्या कादंबऱ्या आम्हाला दुप्पट मिळाल्या, काका. अर्ध्या तुमच्या, अर्ध्या दीपमालाच्या."

मला हसू आलं नाही, पण पुढचं विचारता आलं.

"मग एक शब्द न गाळता म्हणालीस ते..."

"चिमटा काढला. आणि उपकारही मानले. दोन्ही खरं आहे."

"हा ज्ञानेश तुझा कोण?"

"बाजूच्या टेबलावर बसतो, सांगितलं ना! तुमच्या डोक्यात लगेच कादंबरी सुरू. थांबा हं. नमस्कार, मुख्य कार्यालय. साहेब मीटिंगमध्ये आहेत. हं."

आता फोन ठेवता आला असता. सगळं हसण्यावारी गेलं होतं आणि मी सुटलो होतो. मी पाहिलं, माझा हात फोनच्या दोरीला पीळ घालत होता.

"पोस्टवालीची टक कोणी भरली?" मी विचारलं.

"ती कोणीच नाही." तिचा आवाज बदलला. "दीपमाला भरायला लागली होती. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, इथे काकांनी काही गाळलेलं नाही. इथे वीज गेली असेल, नाहीतर कोणी आलं असेल. ही बाई जाणारच नाही. आम्ही दोघी आठवडाभर बोललो नव्हतो."

"मंजू, ती गेली."

पलीकडे दुसऱ्या एका लाइनची घंटी वाजत होती. तिने ती घेतली नाही.

"गेली?"

"छत्री घेऊन. भर दुपारी. अडीच पानं आहेत."

"आणि परत आली?"

"आली. स्वतःहून आली. कोणी हाकललं नाही."

"म्हणजे ती एकटी राहिली ती जाऊन आल्यावर."

"हो."

घंटी थांबली. पुन्हा सुरू झाली.

"अकरा वर्षं झाली, काका," ती म्हणाली. त्यात चिमटा नव्हता. "ते वेगळं आहे हो. मी त्या बाईला ओळखतच नव्हते."

मला चुकलो म्हणायचं होतं. "अं" असा काहीतरी आवाज निघाला. दुसऱ्या कुणाला हे फार किरकोळ वाटेल. पण जी माणसं पुस्तकातल्या माणसांच्या सोबतीने राहतात, त्यांच्याबाबतीत हा गुन्हा लहान नाही. मला ते माहीत होतं. मी स्वतः तरी आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या सोबतीने राहिलो होतो?

"वाचून पाठवा," ती म्हणाली. "पूर्ण प्रकरण नको. टकच्या आतलं तेवढं." आणि मग तिच्या रोजच्या आवाजात, "नमस्कार, मुख्य कार्यालय," आणि लाइन गेली.

पुस्तक माझ्याच कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर मी कोरी कॅसेट घातली, माइक जोडला, हेडफोन चढवले. वाचता वाचताच आपला आवाज ऐकू येतो की नाही ते तपासलं. येत होता. मग उठून दार लावलं.

"भावजी," ओट्यावरून वहिनी, "दार कशाला लावता? उकडून मराल. आमी काय तुमचं आजच ऐकतोय का?"

मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. मग दार उघडलं. सताड. चार बाया शेवंती निवडत होत्या, त्यांनी मान वर केली आणि खाली घातली. मी खुर्चीत बसलो, एक, दोन, तीन, आणि सुरुवात केली.

ती छत्री मिटते. दार उघडंच असतं. "मी आले," ती म्हणते. "तू बोलावलं नव्हतंस, म्हणून आले." तिथे माझा आवाज चिरकला. पुढे एकदा आणखी चिरकला. तो तिच्या केसातलं ऊन कसं बघतो, मग काय म्हणतो, ते सगळं मी वाचलं. घाई केली नाही, असं मला वाटतं. कान झाकलेले असल्यामुळे मला माझ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. बाया काय म्हणत असतील, हसत असतील का, या धास्तीने मानेवर घाम आला होता, पण मी पुस्तकातून मान वर काढली नाही. अडीच पानं संपली.

हेडफोन काढून मी ओट्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. पाटी तशीच पडली होती, फुलांचा अर्धा ढीग होता, आणि चपला नव्हत्या.

थोड्या वेळाने वहिनी पदराने मान पुसत आली.

"झालं वाचून? कधी? टेंपो आला ना लवकर, आमी क्रेट टाकीत व्हतो. काय व्हतं?"

"काही नाही. जुनंच."

"मंग वाचा परत, बसतो आमी."

"नको," मी म्हणालो.

पाठवण्यापूर्वी एकदा ऐकून बघावं म्हणून मी दार लोटलं आणि कॅसेट मागे नेली. नीट उतरलं आहे की नाही एवढंच बघायचं होतं. ओळी पुढे सरकत गेल्या आणि मग दोन्ही कानांत, इतक्या जवळ की मी मान मागे घेतली, कोणीतरी म्हणालं, "मी आले." माझ्या इतक्या जवळ येऊन हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आवाज माझाच होता, म्हातारा, चिरकलेला. डोळे मिटल्यावर ते तितकंसं जाणवत नव्हतं.

पाकिटावर मंजुषाचा पत्ता मी त्याच संध्याकाळी लिहिला. पोस्टात टाकायला मात्र चार दिवस लावले. रोज दुपारी वीज आली की कॅसेट पाकिटातून काढायचो, एकदा ऐकायचो आणि परत ठेवायचो.